जुन्या जीप-जिप्सीचा अ‍ॅक्सल वाकलाय का, ते तपासायचं कसं: कुठलं माप आधी, कुठलं नंतर

पावसाळ्यात चोरल, जाम गेटकडच्या कच्च्या वाटांवर गाड्या फिरून आल्या की इंदूरात दरवर्षी त्याच तक्रारी सुरू होतात. मागचं एक टायर आतून खातंय, गाडी एका बाजूला ओढते, एकाच चाकाचं ऑइल सील बदललं तरी महिनाभरात परत गळतंय. आणि लगेच कोणीतरी सांगून मोकळं होतं की अ‍ॅक्सल वाकलाय, बदलून टाक. मग भंगारातून जुनं हाउसिंग (अ‍ॅक्सलची बाहेरची नळी) आणायचं, सगळं खोलायचं, मजुरी द्यायची आणि टायर मात्र तसंच खात राहतं, कारण दुखणं रिममध्ये किंवा तुटलेल्या सेंटर बोल्टमध्ये होतं. उलटंही तितकंच होतं. हाउसिंग खरंच वाकलेलं असतं आणि माणूस टायर, बेअरिंग, सील बदलत बसतो, कारण अलाइनमेंटवाला म्हणाला, ‘पीछे तो सेटिंग होती ही नहीं भिया.’ सेटिंग नसते हे बरोबर आहे, पण म्हणून मागे मोजायचंच नाही असं नसतं, उलट तिथे सेटिंग नाही म्हणूनच मागचं माप अ‍ॅक्सलबद्दल खरं सांगतं.

हे सगळं पुढे-मागे सरळसोट, म्हणजे दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड, लाइव्ह अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांबद्दल आहे: जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप, एमएम ५४०, कमांडर, मेजर वगैरे. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल तर पुढचा भाग लागू नाही, मागचा लागू आहे.

## आधी हे डोक्यात पक्कं करा

‘अ‍ॅक्सल वाकला’ हे एक वाक्य आहे, पण त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात: रिम वाकली, हब किंवा शाफ्टचा फ्लँज (चाक बोल्टने बसतं ती चकती) वाकला, बाहेरचं हाउसिंग वाकलं, किंवा वाकलं काहीच नाही, अख्खा अ‍ॅक्सल पाट्यांवरून (लीफ स्प्रिंगवरून) सरकला.

यांना वेगळं करायची चावी एकच. चाक हाताने फिरवल्यावर जो फरक बदलत राहतो तो फिरणाऱ्या भागात आहे, म्हणजे रिम, ड्रम, हब, शाफ्ट. चाक फिरवलं तरी जो फरक जागचा हलत नाही तो न फिरणाऱ्या भागात आहे, म्हणजे हाउसिंग, स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा), नकल (पुढचं चाक वळवणारा सांधा). खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत, म्हणून क्रम मोडू नका. बेअरिंगचा खेळ (ढिलेपणा) न बघता कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत-बाहेर किती झुकलाय ते) मोजला तर तो आकडा काढून उपयोग नाही.

## टप्पा १: जागा आणि सामान

सामान घरचंच आहे. दोन जॅक, चार घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), लाकडी गुटके, ओळंबा, स्टीलची पट्टी, ५ मीटरची टेप, मासे पकडायची नायलॉन दोरी, खडू, आणि साधारण अडीच फूट लांब सरळ अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप. मॅग्नेटिक स्टँडवाला डायल गेज (सुईने बारीक फरक दाखवणारा) मिळाला तर उत्तम, लेथवाल्याकडे असतोच, एखाद्या दिवसासाठी मागून आणा. नसला तरी खिळा आणि लाकडाच्या ठोकळ्यावर बरंच काम निघतं.

जागा म्हणजे पक्की फरशी किंवा काँक्रीट. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या अंगणात हे मोजू नका, वरून कोरडी दिसली तरी एक चाक अर्धा इंच दबतंच. पार्किंगलाही पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तेव्हा गवंडी लोक वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि चारही चाकांच्या जागेची लेव्हल बघा. जिथे खाली असेल तिथे प्लायचे तुकडे किंवा जुन्या टाइल्स घाला.

टायरची हवा चारही चाकांत तपासा, डावी-उजवी सारखी. एकाच अ‍ॅक्सलवर वेगळ्या साइझचे किंवा एक नवं, एक गुळगुळीत असे टायर असतील तर ते आधी बदला, नाहीतर स्टेपनी लावून जोडी जुळवा. गाडीतलं सामान, छतावरचा कॅरियर, जेरीकॅन काढा.

सावध: पुष्कळ जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) मागे शाफ्टवर असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि मग हँडब्रेक ओढलेला असो की गाडी गिअरमध्ये असो, गाडी जमिनीवरच्या दुसऱ्या चाकावर सरकू शकते. म्हणून न उचललेल्या चाकांना पुढून-मागून दोन्हीकडून गुटके लावायचेच. आणि नुसत्या जॅकवर ठेवून गाडीखाली जायचं नाही, घोडी लावल्याशिवाय तर मुळीच नाही.

## टप्पा २: धुवा आणि नुसतं बघा

हा टप्पा सगळे उडवतात. हाउसिंगवर चिखल आणि ग्रीसचा थर असतो, त्याखाली काय आहे ते दिसतच नाही. डिझेल, ब्रश, पाणी, मग कोरडं करा आणि टॉर्च घेऊन सावकाश बघा.

आधी यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) आणि सेंटर बोल्ट. पाट्यांच्या मधून जाणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या गादीच्या (पाटा टेकतो त्या जागेच्या) भोकात बसलेलं असतं, तोच अ‍ॅक्सलला जागेवर ठेवतो. तो तुटला की अ‍ॅक्सल एका बाजूने मागे किंवा पुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते, यात वाकलेलं काहीच नसतं. गादीच्या कडेला चकाकणारी ताजी घासलेली पट्टी दिसली, किंवा पाट्याच्या आणि गादीच्या मध्ये लालसर गंजाची भुकटी दिसली, तर तिथे हालचाल होते आहे असं समजा.

मग हाउसिंग. नळीवर रंग तिरपा तडकलाय का, गादी जिथे वेल्ड केली आहे तिथे बारीक केसासारखी चीर आहे का, जुनं वेल्डिंग आहे का. जुनं वेल्डिंग दिसलं तर संशय वाढवा, कारण एका बाजूने लांब वेल्ड मारला की थंड होताना धातू आकसतो आणि सरळ नळी तेवढ्यानेच ओढली जाते. लिलावातून आलेल्या मिलिटरी गाड्यांवर आणि ज्यांवर नंतर मजबुतीची पट्टी वेल्ड केली आहे अशा गाड्यांवर हे खास बघा.

ब्रेकची प्लेट एकाच बाजूने तेलकट असेल तर ते लिहून ठेवा. सील परत परत एकाच बाजूला जात असेल तर शाफ्ट सीलच्या मध्यातून जात नाहीये. कारण बेअरिंग असेल, नाहीतर हाउसिंग. कुठलं ते पुढे कळेल.

टायर कसं खाल्लंय तेही बघा. दोन्ही मागची टायरं आतून खाल्लेली असतील तर हाउसिंगची टोकं वर वाकल्याचा संशय घ्या. गाडी उडून आदळली की वजन पाट्यांच्या गाद्यांवर खाली दाबतं, जमीन चाकांना वर ढकलते, टोकं वर जातात आणि चाकांचा वरचा भाग आत झुकतो. फक्त एक टायर खाल्लं असेल आणि रबर करवतीसारखं एका दिशेने उचललेलं हाताला लागत असेल तर ते ‘टो’चं (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळल्याचं) लक्षण, म्हणजे चाक पुढून दगडावर आदळून ते टोक मागे गेलंय का ते बघायचं.

## टप्पा ३: खेळ

गाडी घोड्यांवर घ्या, घोड्या अ‍ॅक्सलखाली, पाट्यांच्या जवळ. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ जिथे असतात तिथे धरा आणि जोर लावून हलवा.

मागे वर-खाली खेळ लागला तर बेअरिंग गेलं. शाफ्टला आत-बाहेर थोडासा खेळ बऱ्याच जुन्या अ‍ॅक्सलमध्ये मुळातच दिलेला असतो, त्याला घाबरू नका, पण चाक तिरकं होत असेल तर तो वेगळा मामला.

पुढे दोन ठिकाणी खेळ असू शकतो, हबच्या बेअरिंगमध्ये आणि किंगपिनमध्ये (नकल ज्यावर वळतो ती खुंटी). दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा.

तपासा: खेळ असेल तर इथेच थांबा, तो काढा, मगच पुढे चला. ढिलं बेअरिंग गाडीच्या वजनाखाली चाक झुकवतं आणि ते हुबेहूब वाकलेल्या हाउसिंगसारखं दिसतं. ‘थोडासाच आहे’ म्हणून पुढे गेलात तर सगळी मापं परत घ्यावी लागतील.

## टप्पा ४: रिम की फ्लँज

चाक वरच ठेवून हाताने फिरवा. रिमच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर खिळा येईल असा ठोकळा जमिनीवर पक्का ठेवा आणि फट बघत रहा. बाहेरच्या कडेला आणि आतल्या कडेला, दोन्हीकडे. दगडावर घासलेली रिम बरेचदा फक्त आतल्या कडेला वाकलेली असते, बाहेरून सुंदर दिसते.

जुन्या लोखंडी रिमला दीड मिलिमीटरपर्यंत डुलणं मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर जिथे सगळ्यात जास्त बाहेर येतंय तिथे रिमवर खडूने खूण करा आणि त्याच रेषेतल्या व्हील बोल्टवरही खूण करा. चाक काढा, एक-दोन बोल्ट पुढे सरकवून परत लावा, नट सारखे आवळा आणि पुन्हा फिरवा.

डुलण्याची जागा रिमच्या खुणेबरोबर सरकली, तर रिम वाकलीय. बोल्टच्या खुणेपाशीच राहिली, तर हब किंवा शाफ्टचा फ्लँज.

फ्लँजवर संशय आला तर चाक आणि ड्रम काढा, फ्लँजचा चेहरा वायर ब्रशने साफ करा, डायल गेजची सुई बोल्टच्या वर्तुळाच्या बाहेर लावा आणि शाफ्ट फिरवा. इथे मोजमाप मिलिमीटरच्या दशांशात चालतं. सुई ०.२ च्या पुढे जात असेल तर मला तो फ्लँज मान्य नसतो, कारण इथला ०.२ रिमच्या कडेवर जाईपर्यंत वाढतो. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा.

जुन्या महिंद्रा जीपच्या मागच्या हबमध्ये एक गोष्ट हमखास चुकते. तिथे हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावी घालून बसवलेला असतो. त्या निमुळत्या भागावर गंजाचा कण, जुनं ग्रीस किंवा चावी वर चढलेली असली की हब तिरका बसतो आणि चाक डुलतं, शाफ्ट मात्र ठणठणीत असतो. असा हब काढायला पुलरच लावा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारलात तर चुड्या तर जातातच, आतल्या बेअरिंगलाही मार बसतो.

## टप्पा ५: मागचा टो

आता न फिरणाऱ्या भागाकडे. मागचा लाइव्ह अ‍ॅक्सल सरळ असेल तर टो शून्य आणि कॅम्बर शून्य, यात पसंतीचा प्रश्नच नाही.

१. मागची दोन्ही चाकं घोड्यांवर, गिअर न्यूट्रल. टायरच्या मधोमध गोल खडू फासा.

२. ठोकळ्यात ठोकलेला खिळा खडूला टेकवून पक्का धरा आणि टायर हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. बारीक रेघ उमटेल. रेघेची दोन टोकं एकमेकांना बरोबर भेटली पाहिजेत, भेटली नाहीत तर ठोकळा हलला, पुसून परत करा. रिम डुलत असली तरी ही रेघ खरी येते, कारण ती फिरण्याच्या अक्षाला काटकोनातच उमटते. म्हणूनच टायरच्या नक्षीच्या खाचेवरून मोजायचं नाही, रेघेवरूनच मोजायचं.

३. गाडी खाली घ्या. मागचा बंपर चार-पाच वेळा दाबून सोडा आणि गाडी दोन-तीन फूट पुढे-मागे ढकला. जॅकवरून उतरलेले टायर आत ओढलेले असतात, ते मोकळे होऊ द्या.

४. हबच्या उंचीवर, टायरच्या पुढच्या टोकाला रेघेवर ओळंब्याची दोरी टेकवा आणि टोक फरशीवर जिथे येईल तिथे खूण करा. मागच्या टोकाला तसंच. दोन्ही चाकांचं मिळून चार खुणा. गाडीखालून थेट टेप ताणायचा प्रयत्न करू नका, पाटे आणि प्रोपेलर शाफ्ट मध्ये येतात आणि टेप वाकतो.

५. गाडी बाजूला घ्या. फरशीवर पुढच्या दोन खुणांमधलं अंतर आणि मागच्या दोन खुणांमधलं अंतर मोजा.

पुढचं अंतर जास्त म्हणजे चाकं पुढून फाकलेली आहेत, टोकं मागे गेलीत, दगड किंवा खड्ड्याची कड पुढून लागल्याचं हे ठरलेलं लक्षण. पुढचं कमी म्हणजे टोकं पुढे आलीत, गाडी रिव्हर्समध्ये कशावर तरी चढल्यासारखं.

फरक ३ मिलिमीटरच्या आत असेल तर सोडून द्या, घरच्या मोजमापात एवढी चूक होतेच. ३ च्या वर असेल तर रेघेपासून सगळं परत. परतही ६ च्या वरच आलं आणि बेअरिंगही घट्ट असेल, तर हाउसिंग गेलेलं आहे. जिप्सीच्या २०५/७० आर १५ टायरवर ६ मिलिमीटर म्हणजे दोन्ही चाकं मिळून अर्धा डिग्री होतो.

## टप्पा ६: मागचा कॅम्बर

अ‍ॅल्युमिनियम पाइपला एका सरळ रेषेत दोन भोकं पाडा, एक वर, एक खाली, आणि त्यात सारख्या लांबीचे दोन बोल्ट असे बसवा की ते रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकतील आणि पाइप टायरच्या फुगवट्यापासून मोकळा राहील. पाइपच्या वरच्या टोकाला ओळंबा लटकवा. पाइपवर ४०० मिलिमीटर अंतराने दोन खुणा करून ठेवा आणि त्या दोन खुणांपाशी दोरी पाइपपासून किती दूर आहे ते पट्टीने मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे झुकाव. ४०० मिलिमीटरवर ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ डिग्री.

एकदाच मोजून उठू नका. खरा घोळ इथेच होतो. पहिलं माप घेतलं की रिमवर वर खडूची खूण करा, गाडी साधारण एक मीटर पुढे ढकला म्हणजे खूण खाली येईल, आणि पुन्हा मोजा. पुढची जागाही लेव्हलमध्ये असली पाहिजे, ती टप्पा १ मध्येच बघून ठेवा.

समजा पहिल्यांदा वरचा भाग ६ मिलिमीटर आत झुकलेला मिळाला. नुसता हा आकडा बघितला तर जवळपास १ डिग्री, कोणीही म्हणेल हाउसिंग गेलं. अर्धा फेरा फिरवून मोजलं तर २ मिलिमीटर बाहेर. आता आत म्हणजे अधिक आणि बाहेर म्हणजे उणे धरा. दोघांची सरासरी २ मिलिमीटर आत, ती हाउसिंगची, म्हणजे पाव डिग्रीच्या आसपास, काळजी नाही. आणि दोघांतल्या ८ मिलिमीटर फरकाचं अर्ध, म्हणजे ४ मिलिमीटर, हे रिमचं किंवा फ्लँजचं डुलणं. हाउसिंग बदललं असतं तर पैसे पूर्ण वाया गेले असते. पण ४ मिलिमीटर डुलणं टप्पा ४ मध्येच दिसायला हवं होतं, तेव्हा आकडे असे आले तर तिथे परत जा.

दुसऱ्या चाकाचीही अशीच सरासरी काढा आणि मग दोन्ही बाजूंची बेरीज करा.

तपासा: डावं चाक ५ आत आणि उजवं ५ बाहेर आलं तर बेरीज शून्य, म्हणजे अ‍ॅक्सल सरळ आहे आणि फरशी उतरती आहे किंवा एका टायरमध्ये हवा कमी आहे. लाइव्ह अ‍ॅक्सल अख्खा तिरका झाला की एक बाजू जितकी आत जाते तितकीच दुसरी बाहेर जाते. म्हणून निर्णय बेरजेवर घ्यायचा, एकट्या चाकावर नाही. बेरीज ७ मिलिमीटरच्या वर गेली तर मी हाउसिंग खोलतो.

## टप्पा ७: दोरी लावून बघा, सरकलाय की वाकलाय

टोमधून एकूण फरक कळला, पण कुठलं चाक दोषी ते कळलं नाही. त्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर, बंपरपासून बंपरपर्यंत, घोड्यांना बांधून दोऱ्या ताणा. गाडीच्या पुढे आणि मागे दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर एकसारखं असलं पाहिजे. मग पुढच्या अ‍ॅक्सलवर डाव्या-उजव्या हबच्या मध्यापासून दोरीचं अंतर सारखं करा, मागेही सारखं करा. पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असला तर पुढचं-मागचं अंतर वेगळं येईल, ते चालतं.

आता प्रत्येक मागच्या चाकाच्या रेघेचं पुढचं टोक आणि मागचं टोक दोरीपासून किती दूर ते मोजा. दोन्ही चाकं एकाच दिशेला वळलेली असतील, म्हणजे दोन्ही उजवीकडे बघतायत, तर अ‍ॅक्सल तिरका बसलाय, सेंटर बोल्ट आणि पाट्यांचे बुश बघा. एकच चाक वळलंय आणि दुसरं सरळ, किंवा दोन्ही विरुद्ध दिशांना, तर हाउसिंग.

याबरोबर दोन्ही बाजूंचा व्हीलबेसही मोजून घ्या, पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत, स्टीअरिंग सरळ ठेवून. जिप्सीचा तो २३७५ मिलिमीटर असतो, पण आकड्यापेक्षा डावं-उजवं सारखं येणं महत्त्वाचं. टो शून्य आणि व्हीलबेस वेगळा असेल तर अ‍ॅक्सल सरळ आहे, फक्त सरकलाय.

## टप्पा ८: पुढचा अ‍ॅक्सल

पुढे टो बघून अ‍ॅक्सलबद्दल काहीच बोलू नका, कारण तो टाय रॉडने (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या गजाने) कमी-जास्त होतो आणि टाय रॉडच बरेचदा वाकलेला असतो. टाय रॉड काढा, काचेवर लोळवा, उड्या मारत गेला तर आधी तो बदला.

पुढे बघायचा तो कॅम्बर. इथे तो शून्य नसतो, बहुतेक गाड्यांत वरचा भाग थोडासा बाहेर झुकलेला दिलेला असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. मापायची पद्धत टप्पा ६ मधलीच, अर्धा फेरा फिरवून सरासरी. दोन्ही बाजूंत अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक असेल आणि फरशी लेव्हल असेल तर एक बाजू गेलीय. पुढचा डिफरन्शियल एका बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे एक नळी लांब आणि एक आखूड. आधी लांब नळी बघा.

मग कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहता किंगपिन पुढे-मागे किती कललाय तो कोन. दोन्ही नकलच्या वरच्या किंगपिनच्या टोपीची सपाट जागा साफ करा आणि डिजिटल अँगल गेज गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवून कोन वाचा. दोन्हीकडे सारखा पाहिजे. वेगळा आला तर नळी पिळली गेली आहे किंवा एका गादीखालची पाचर निघून गेलीय. पाचर आधी शोधा. मोबाइलच्या अ‍ॅपवर हे माप घेऊ नका, मोबाइलचं कव्हर आणि कॅमेऱ्याचा उंचवटा एवढ्यानेच आकडा बदलतो.

## कॉम्प्युटर अलाइनमेंटचा कागद

चारही चाकांवर सेन्सर लावणारं मशीन असेल तर जरूर जा, पण दोन गोष्टी ठासून सांगा. एक, मागचेही आकडे छापून द्या. दोन, सेन्सर लावल्यावर गाडी पुढे-मागे ढकलून किंवा चाक उचलून फिरवून रिमच्या डुलण्याची भरपाई करून घ्या. बरेच जण घाईत ती पायरी वगळतात आणि मग कागदावर रिमचा दोष अ‍ॅक्सलच्या नावावर छापून येतो. कागदावर मागचा टो डावा-उजवा वेगवेगळा दिलेला असतो आणि थ्रस्ट अँगलही (मागचा अ‍ॅक्सल गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरका बघतोय तो कोन) असतो. मागची दोन्ही चाकं एकाच दिशेला आणि थ्रस्ट अँगल मोठा, म्हणजे अ‍ॅक्सल सरकलेला. हे टप्पा ७ चंच उत्तर आहे, दोन्ही जुळतात का बघा.

## टप्पा ९: खोलून शेवटची खात्री

इथपर्यंत सगळी बोटं हाउसिंगकडे असतील तरच खोला. तेल काढा, शाफ्ट काढा.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना लेथवर धरायची मधली खूण असते, लेथवाल्याकडे दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावून घ्या. व्ही-ब्लॉकमध्ये गंजलेल्या जागेवर ठेवून मोजलं तर गंज मोजला जातो, शाफ्ट नाही. दाते, म्हणजे स्प्लाइन, टॉर्च लावून लांबीत बघा, ते सरळ रेषेत न जाता मळसूत्रासारखे वळलेले असतील तर शाफ्ट पिळला गेलाय. तो सरळ असला तरी भंगारात.

हाउसिंगसाठी सगळ्यात भरवशाचं माप साधं आहे. दोन्ही टोकांना ब्रेक प्लेट बसते त्या फ्लँजचे चेहरे साफ करा आणि एका फ्लँजपासून दुसऱ्या फ्लँजपर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजा: वर, खाली, पुढे, मागे. वर कमी आणि खाली जास्त म्हणजे टोकं वर गेलीत. मागे कमी आणि पुढे जास्त म्हणजे टोकं मागे. फ्लँज लहान असतो, १२० मिलिमीटरचा धरला तर १ मिलिमीटर फरकही जवळपास अर्धा डिग्री होतो, म्हणून इथे टेप चालत नाही. एकात एक सरकणारे दोन पाइप घ्या, टोकं टोकदार करा, जागेवर लांबवून स्क्रूने घट्ट करा आणि तोच गज चारही ठिकाणी लावून फट पाहा. अवघड वाटतं, पण फरक असेल तर हाताला लगेच कळतो.

एक वाकणं मात्र यातून सुटतं. एक टोक वर आणि दुसरं तितकंच खाली गेलं तर चेहरे समांतरच राहतात. त्यासाठी दोन्ही बेअरिंगच्या जागेत बसतील अशा लाकडी चकत्या लेथवर करून घ्या, मधोमध बारीक भोक, आणि त्यातून नायलॉन दोरी ताणून दोन्ही नळ्यांच्या आत दिवा लावून बघा, दोरी सगळीकडे मधून जाते का.

## वाकलेलं निघालं तर

गॅसने तापवून जॅकने दाबणारा माणूस कोपऱ्याकोपऱ्यावर भेटेल. त्याच्याकडे देऊ नका. तापवलेली नळी थंड होताना आपल्या मनाने फिरते आणि बेअरिंगची जागा अंडाकृती झाली की सील कधीच टिकत नाही. ट्रकचे अ‍ॅक्सल थंड अवस्थेत हायड्रॉलिक प्रेसवर सरळ करणारे कारागीर असतात, त्यांना वाकणं कुठल्या दिशेला किती हे लिहून द्या, आणि परत घेताना वरची चार ठिकाणची मापं तिथेच उभं राहून घ्या. नळीला चीर असेल तर सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका, हाउसिंग बदला.

जुनं हाउसिंग विकत घेताना तेच चार ठिकाणचं माप दुकानात घ्या, विकणारा नको म्हणाला तर घेऊ नका. जिप्सीत जुना अरुंद ट्रॅक आणि नंतरचा वाईड ट्रॅक असे दोन प्रकार आहेत, हाउसिंगबरोबर शाफ्टची लांबीही बदलते, म्हणून आपलं काढलेलं हाउसिंग टेम्पोत टाकून बरोबर न्या आणि शेजारी ठेवून मोजा.

मजबुतीची पट्टी वेल्ड करायची असेल तर इंच-दीड इंचाचे तुकडे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये थंड होऊ देत, आणि वेल्डिंगच्या आधी व नंतर दोन्ही वेळा मापं.

बसवताना सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि सील नवे घ्या, ब्रीदरची नळी फुंकून मोकळी आहे का बघा, ती तुंबली की गरम हवा तेल सीलमधून बाहेर ढकलते आणि तुम्ही पुन्हा अ‍ॅक्सलवर संशय घ्याल. यू-बोल्ट तिरपे समोरासमोर, थोडे थोडे आवळत या, आणि गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा जोर लावा. दोन-तीनशे किलोमीटर चालली की ते परत आवळा, पाटे बसले की ढिले होतातच. त्याच दिवशी टप्पा ५ आणि ६ ची मापं पुन्हा घेऊन तारखेसकट गाडीच्या वहीत लिहून ठेवा, पुढच्या पावसाळ्यानंतर याच आकड्यांशी ताडून बघायचं आहे.